टेबलावरची पुस्तकं

‘सध्या काय करतेस?’ या प्रश्नाला मी ‘लायब्ररी सायन्स’ असं उत्तर दिलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याचे मी आता प्रकार पाडलेत. (वर्गीकरण हाच आमचा धंदा.) पहिला प्रकार म्हणजे ‘अरे वा! मग दिवसभर पुस्तकं वाचायला मिळत असतील’वाले. दुसरे ‘पण त्यात सायन्स काय असतं?’ असं खरोखरच्या कुतूहलाने विचारणारे. तिसरा प्रकार नुसता ‘हं’ म्हणतो आणि माझ्या आईकडे बघतो. नातेवाईक बहुतेक तिसऱ्यात येतात.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मंडळाच्या ग्रूपवर ‘अंकासाठी लेख द्या, विषय काहीही चालेल, पण वेळेत द्या’ असले मेसेज मीच टाकायचे. यंदा तो मला आला. विषय काहीही चालेल म्हणालात, म्हणून मी माझ्याच विषयावर लिहितेय. कुणाला कंटाळा आला तर पुढे कविता आहेतच.

बी.ए. झाल्यावर मी बी.लिब. केलं, एक वर्षाचं. गेल्या मे महिन्यात त्याची परीक्षा संपली आणि बारा दिवसांसाठी मी उज्जैनला आत्याकडे गेले. आत्या पण लायब्ररीवाली. आमच्या घराण्यातली पहिली. ती एका कॉलेजात सदतीस वर्षं ग्रंथपाल होती, शिवाय वर्षानुवर्षं संध्याकाळी ग्रंथालयशास्त्राच्या मुलांना शिकवायची. २०२० साली निवृत्त झाली. तिचं घर फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून चालत सातेक मिनिटांवर.

उज्जैन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाकाल आणि शिप्रेचा घाट येतो. तो सगळा भाग रेल्वेलाइनच्या पलीकडे, जुन्या शहरात. अलीकडे फ्रीगंज. सरळ रस्ते, दुकानं, दवाखाने, क्लासेस आणि मधोमध घड्याळाचा टॉवर. तिथले लोक त्याला ‘टावर’च म्हणतात, आणि मीही आता तेच लिहिणार. संध्याकाळ झाली की फ्रीगंजमधला माणूस कारण नसताना टावरला जातो. पानीपताशे, कुल्फी, बर्फाचा गोळा, कोचिंगमधून सुटलेली पोरं, बाबासाहेबांचा पुतळा, आणि गाड्यांचे हॉर्न. आत्या रोज साडेसहाला चपला घालते आणि म्हणते, “चल बेटा, टावरला जाऊन येऊ.” तिची मराठी अशीच आहे. मध्येच ‘मला मालूम आहे’, मध्येच ‘बिलकुल नाही’. तिच्या मते आमचीच मराठी मुंबईची झालेली आहे. तेही खरंच म्हणा. शिंद्यांनी १८१०च्या सुमाराला राजधानी ग्वाल्हेरला हलवली, त्याआधी ती उज्जैनलाच होती. तेव्हापासूनची मराठी घरं तिथे आहेत, त्यांना बाहेरचं म्हणणारी मी कोण!

मी तिथे गेले तेव्हा माझ्या फोनमध्ये एक ई-मेल पडलेली होती. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या कॅटलॉग विभागात नोकरी. वर्षाला चार लाख वीस हजार. उत्तर द्यायची मुदत बारा दिवस. बाबांचं म्हणणं साधं होतं. बी.लिब. केलंस, हौस झाली, आता नशिबाने बरी नोकरी चालून आलीय तर घे. एम.लिब. करून नेट देऊन ग्रंथपालाच्या कायम जागेची वाट बघत बसायचं, तर त्या जागा आहेत कुठे? बाबा चूक बोलत होते असं मी म्हणणार नाही. निवृत्त झालेल्या ग्रंथपालाची खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहते आणि एखादा क्लार्क किल्ल्या सांभाळतो, हे चित्र आपल्याकडेही आहे आणि मध्य प्रदेशातही. तिथे कंत्राटी शिकवणाऱ्याला ‘अतिथी विद्वान’ म्हणतात. नाव केवढं राजेशाही, पण नोकरी दरवर्षी नवी.

आत्याला मी पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. मला वाटलं ती भाषण देईल. तिने गोळेवाल्याला ‘काला खट्टा, बर्फ कम’ सांगितलं आणि मला विचारलं, “त्या दुकानात तू करणार काय?”

मी म्हटलं, वस्तूंचे प्रकार पाडायचे. म्हणजे कुर्ता असेल तर माप, रंग, कापड, बाही, प्रसंग. डाव्या बाजूला जे फिल्टर दिसतात ना, ते कसे असावेत हे ठरवायचं.

ती हसायला लागली. “म्हणजे रंगनाथनच की! इथूनच दोन-तीन किलोमीटरवर होते ते.”

आता हे मला माहीत असायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. रंगनाथन कोण ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. बारा ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालतात, त्यांचे पाच नियम पाठ करून घेतात, आणि मग माणूस संपतो, उरतो तो प्रश्न क्रमांक एक. पण ते उज्जैनला होते, हे मला त्या संध्याकाळी नव्याने कळल्यासारखं झालं. १९५७ साली विक्रम विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी शियाली रामामृत रंगनाथन तिथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले. १९५९ पर्यंत राहिले. आले तेव्हा वय पासष्ट. त्याआधी मद्रास, बनारस, दिल्ली असं सगळं करून झालेलं, ज्यूरिकमध्ये काही काळ लिहीत बसलेले, पद्मश्री मिळालेली. लोक या वयात नातवंडं खेळवतात. हा माणूस एका नव्याकोऱ्या विद्यापीठात शिकवायला आला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या टावरच्या फेऱ्या म्हणजे एक चालता वर्गच झाला. आत्या सांगायची आणि मी मध्ये मध्ये ‘हे पुस्तकात नाहीये’ म्हणायचे. (होतं. मी वाचलेलं नव्हतं एवढंच.)

रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाला पहिला ग्रंथपाल हवा होता, पगार बरा होता, म्हणून ते गेले. आणि कंटाळले. दिवसभर शांतता, माणूस नाही, काम नाही. काही दिवसांतच ते जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले की मला परत घ्या, गणित शिकवतो. प्राचार्यांनी तोड काढली. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयाचं शिक्षण घे, परत आल्यावरही कंटाळा आला तर गणिताची जागा तुझीच. ही गोष्ट ऐकून मला फार बरं वाटलं. ज्यांच्या फोटोला आपण हार घालतो ते स्वतःच ‘लायब्ररीत कसलं करिअर’ असं म्हणत सुरुवातीला पळून चालले होते!

लंडनमध्ये त्यांना बर्विक सेयर्स हे शिक्षक भेटले. त्यांनी या विद्यार्थ्याला नुसतं वर्गात बसवलं नाही, क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात कामाला लावलं. तिथून रंगनाथन शंभराहून जास्त ग्रंथालयं हिंडले. कामगार, मुलं, बायका पुस्तकं घेऊन जातायत हे त्यांनी पाहिलं. आपल्याकडे तेव्हा पुस्तक म्हणजे कपाटात कुलूपबंद. आणि एका दुकानात त्यांना मेकॅनोचा खेळ दिसला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडाल तशी वस्तू बनते. ड्यूईच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत प्रत्येक विषयाला आधीच एक खण ठरलेला असतो. रंगनाथन म्हणाले, खण कशाला, तुकडे द्या आणि जोडा. कोणती गोष्ट, कशाची, काय क्रिया, कुठे, केव्हा, असे पाच पैलू. मधे विरामचिन्ह म्हणून कोलन. परतीच्या बोटीवरच्या लायब्ररीत त्यांनी त्याचा सराव केला म्हणतात. १९३३ साली ती द्विबिंदू वर्गीकरण पद्धती पुस्तकरूपाने आली. आणि आज तुम्ही ‘कॉटन, निळा, मीडियम, पाचशेच्या आत’ असं एकेक टिक करत कुर्ता शोधता तेव्हा डोकं तेच चालवता. कंपनीच्या मुलाखतीत मला ‘फॅसेट’वर तीन प्रश्न विचारले होते. रंगनाथन हे नाव एकदाही आलं नाही.

पण आत्याचा ओढा वर्गीकरणाकडे नव्हता. ती म्हणायची, “पद्धती बऱ्याच लोकांनी काढल्या ग. ह्यांनी माणसं तयार केली.” हे तिचं लाडकं मत, आणि आता माझंही. परत आल्यावर चार वर्षांत त्यांनी मद्रास ग्रंथालय संघ उभा केला, १९२८ मध्ये. १९२९ साली संघाने उन्हाळी प्रशिक्षण वर्ग काढला. दोन वर्षांनी तो विद्यापीठाने घेतला, १९३७ पर्यंत त्याचा पूर्ण वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा झाला. दिल्लीत त्यांनी पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.पर्यंत वाट नेली. मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४८ साली झाला, त्यामागे त्यांची कितीतरी वर्षांची खटपट होती. आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले, पत्नीच्या, शारदाबाईंच्या नावाने. उज्जैन सोडल्यावरही थांबले नाहीत. १९६२ मध्ये बंगळूरला संशोधन-प्रशिक्षण केंद्र काढलं, तेव्हा सत्तरीचे होते.

उज्जैनच्या वर्षांतली एक गोष्ट मात्र आपल्या सगळ्या कॉलेजांशी जोडलेली आहे. १९५७ सालीच यूजीसीने विद्यापीठ आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष रंगनाथन. १९५९ चा तो अहवाल. ग्रंथपालाचा दर्जा आणि पगार शिक्षकाच्या बरोबरीचा असावा, ही शिफारस त्यात आहे. आपल्या लायब्ररीतल्या मॅडमना आपण ‘मॅडम’ म्हणतो, त्या स्टाफरूममध्ये इतरांच्या शेजारी बसतात, त्यांना नेट द्यावी लागते, याची एक मुळी तिथे आहे.

थोडं विषयांतर करते, कारण ते न करता मला राहवणार नाही. या शिक्षणाची देशातली सुरुवात एका मराठी राजाने केलेली आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. लाहोरला डिकिन्सन यांचा वर्ग त्यानंतर, १९१५ मध्ये. बॉर्डन परत गेल्यावर बडोद्याचं काम पुढे नेणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. आणि १९१३ साली याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेला विद्यार्थी टावर चौकात पुतळा होऊन उभा आहे. पुस्तकांसाठी मुंबईत घर बांधणारा तो माणूस, आणि त्याच्या पुतळ्याच्या आसपास आम्ही दोघी गोळा खात ग्रंथालयावर बोलत होतो. ठरवून काही केलेलं नव्हतं हो.

आत्या शिकवायची कशी, ते मला काकांनी सांगितलं. वीस पुस्तकं टेबलावर टाकायची आणि म्हणायची, लावा. त्यात हमखास दोन पुस्तकं मुक्तिबोधांची. एक गजानन माधव मुक्तिबोधांचा हिंदी कवितासंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’, एक शरच्चंद्र मुक्तिबोधांची मराठी कादंबरी ‘क्षिप्रा’. सख्खे भाऊ, घरात मराठी, वडील उज्जैनला पोलिसात. ड्यूईप्रमाणे थोरला जातो ८९१.४३ला, हिंदीत. धाकटा ८९१.४६ला, मराठीत. मधे दोन भाषांची कपाटं. मुलं नंबर बरोबर काढायची आणि खूश व्हायची. मग आत्या विचारायची, “आता एक मुलगी आली. तिला या दोन भावांवर लिहायचंय. तिला कोण सांगणार की दुसरा भाऊ पलीकडच्या रॅकमध्ये आहे?” नंबर सांगत नाही. तालिकेतली जोडनोंद सांगते, नाहीतर ग्रंथपाल सांगतो. हा प्रश्न तिने मला पण घातला. मी उत्तर दिलं, पण दोन सेकंद लागले, आणि ती दोन सेकंद तिने बरोबर पकडली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितेय, ती.

आत्याच्या कॉलेजात पूर्वी बंद पद्धत होती. काउंटरवर चिठ्ठी द्यायची, शिपाई आतून पुस्तक आणून देणार. ‘नाही सापडत’ म्हणाला की संपलं. २००३ मध्ये आत्याने प्राचार्यांच्या मागे लागून रॅक मुलांसाठी मोकळे केले. मुक्तद्वार. त्याच जूनमध्ये तिने एक वही घातली. संध्याकाळी लायब्ररी बंद व्हायच्या आधी टेबलांवर पडलेली पुस्तकं रॅकमध्ये घालायची असतात. ती घालण्याआधी मोजायची आणि विषयवार आकडा लिहायचा. शंभरचा वर्ग किती, दोनशेचा किती. रोज वीस मिनिटं. शिपाई कुरकुरायचा, क्लार्क हसायचा. घरी नेलेल्या पुस्तकांचा हिशेब तर रजिस्टरमध्ये असतोच, मग हे कशाला?

पहिल्या सहा महिन्यांत त्या वहीतून एक गोष्ट निघाली, जी रजिस्टरमध्ये कधीच दिसली नसती. ६१८ क्रमांकाची पुस्तकं, म्हणजे बायकांचे आजार, गर्भारपण वगैरे. यांच्या मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का वर्षानुवर्षं नव्हता. रजिस्टरप्रमाणे ती मेलेली पुस्तकं, बाद करायच्या यादीत टाकण्यासारखी. वहीत मात्र ती जवळजवळ रोज. घटस्फोट आणि वारसा हक्काच्या कायद्याचंही तसंच. मुली ती रॅकमधून काढून तिथेच बसून वाचत होत्या आणि टेबलावर सोडून जात होत्या. घरी नेता येण्यासारखी ती पुस्तकं नव्हती, आणि शिपायाकडे चिठ्ठी देऊन मागण्यासारखी तर त्याहून नव्हती. आत्याने त्या विषयांची आणखी पुस्तकं मागवली आणि त्या रॅकसमोरचं टेबल खिडकीकडून हलवून भिंतीकडे नेलं. कुणाला काही कारण सांगितलं नाही.

तीन वर्षांनी, २००६ मध्ये, साठ्याची पडताळणी झाली. दाखल रजिस्टर घेऊन एकेक पुस्तक टिक करायचं. २६३ पुस्तकं सापडली नाहीत. बहुतेक स्पर्धापरीक्षांची गाइडं. कमिटी बसली. तिने लिहिलं की मुक्तद्वार पद्धतीमुळे नुकसान झालं, जबाबदारी ग्रंथपालाची, आणि साडेएकतीस हजार रुपये तिच्या पगारातून वसूल करावेत. तोंडी आणखी एक सूचना होती. रॅकना पुन्हा जाळी बसवली तर वसुलीचं बघता येईल.

काका म्हणाले, बसव ना जाळी, आपल्या बापाचं काय जातं. ताईचं, म्हणजे माझ्या आतेबहिणीचं, तेव्हा बारावीचं वर्ष होतं, क्लासची फी भरायची होती. साडेएकतीस हजार ही रक्कम त्या घरात चेष्टेची नव्हती.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत २००५ साली एक वाक्य होतं, ते आजही आहे. वर्षभरात घरी दिलेल्या किंवा जागेवर पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं स्वाभाविक धरावं, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. आत्याने ते कमिटीपुढे ठेवलं. कमिटीने गणित केलं. घरी दिलेली पुस्तकं वर्षाला चौदा हजार, तीन वर्षांची बेचाळीस हजार, हजारी पाच म्हणजे २१०. गहाळ २६३. नियमानेही त्रेपन्न जास्तच.

मग आत्याने वही काढली. तीन वह्या झाल्या होत्या तोवर. टेबलावर वाचलेली पुस्तकं वर्षाला नऊ हजार, तीन वर्षांची सत्तावीस हजार. एकूण एकोणसत्तर हजार. हजारी पाच म्हणजे ३४५.

“त्यांनी वह्या उलटून पालटून बघितल्या,” आत्या सांगत होती. टावरच्या घड्याळाखाली प्रचंड ट्रॅफिक, आणि ती हातातली काडी हलवत बोलतेय. “एक सर म्हणाले, हे तुम्ही आत्ता बसून लिहिलं नाही कशावरून? मी म्हटलं, शाई बघा. आणि तीन वर्षांचे विषयवार आकडे घरी बसून खोटे लिहायला माझ्याकडे टाइम असता, तर मी स्वेटर विणला असता.” वसुली रद्द झाली. जाळी बसली नाही. दाराशी पिशव्या ठेवायचा काउंटर तेवढा आला, तो मात्र तिला मान्य होता.

मला वाटलं गोष्ट संपली. तिने सांगितलं की पुढच्या वर्षी तिने हीच केस, कॉलेजचं नाव गाळून, संध्याकाळच्या वर्गात गणित म्हणून घातली. एवढे घरी दिले, एवढे गहाळ, काय कराल? निम्म्या मुलांनी लिहिलं, ‘जाळी बसवू’. तिने त्यांना नापास केलं नाही. त्यांना रोज संध्याकाळी स्वतःच्या लायब्ररीत नेलं आणि महिनाभर टेबलं मोजायला लावली. त्यातली काही मुलं आज रतलाम, देवास, खंडव्याकडे ग्रंथपाल आहेत. एक जण तर विभाग चालवते. दिवाळीला अजून फोन येतात, आणि त्यात कुणी ना कुणी त्यांचा टेबलाचा आकडा सांगतं. माझ्यासमोरच एकीचा फोन आला होता. आत्या म्हणाली, “दोनशे चाळीस? परीक्षा जवळ आली वाटतं.”

अकराव्या दिवशी मी एकटीच विद्यापीठाच्या बाजूला जाऊन आले. मे महिना, ऊन मरणाचं, रस्त्यावर कुणी नाही. रंगनाथन कुठे बसायचे, काही पाटी आहे का, हे बघायला गेले होते खरी, पण सुट्टी होती, मी झाडाखाली बसून पाणी पिऊन परत आले. पाटी शोधायची राहिलीच. येताना रिक्षातून मी त्या ई-मेलला उत्तर पाठवलं. नम्रपणे नाही म्हटलं. त्या कामाला मी कमी लेखत नाही. फिल्टर नीट लावणं हेही वाचकाचा, म्हणजे तिथे गिऱ्हाइकाचा, वेळ वाचवणंच आहे. पण गिऱ्हाइकाने जे उघडून बघितलं आणि घेतलं नाही, ते तिथेही मोजतातच, आपल्यापेक्षा बारकाईने. फक्त ते मोजून झाल्यावर कुणी टेबल भिंतीकडे हलवत नाही. त्याच कुर्त्याची जाहिरात तुमच्या मागे लावतात.

बाबा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना विचारलं, “ते नेट वर्षातून किती वेळा असतं म्हणालीस?” दोनदा, मी म्हटलं. त्यांनी आमटी वाढून घेतली.

सध्या मी एम.लिब.ला आहे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी आपल्याच कॉलेजच्या लायब्ररीत शिकाऊ म्हणून येते. कोहा सॉफ्टवेअरवर सगळं चढवलेलं असल्यामुळे घरी नेलेल्या पुस्तकांचा आकडा बटण दाबलं की मिळतो. टेबलांचा मिळत नाही. मॅडमची परवानगी घेऊन जुलैपासून मी एक वही घातली आहे. तेव्हा मंडळींनो, एक विनंती. रीडिंग रूममध्ये पुस्तक वाचून झालं की चांगुलपणाने ते परत रॅकमध्ये घालू नका. एक तर तुम्ही ते चुकीच्या जागी घालता (राग मानू नका, घालता), आणि दुसरं म्हणजे ते माझ्या मोजणीतून सुटतं. टेबलावरच राहू द्या. कुठलंही पुस्तक असलं तरी. पावणेसहाला मी येते.